बाळकूमच्या मांडवातली नवी गाडी

सन्माननीय अध्यक्षा डॉ. प्रमोदिनी गद्रे, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या खाडीकाठ सायकल मंडळाचे संस्थापक श्री. हरिहर ओक, म्हणजे आपणा सगळ्यांचे अण्णा, सौ. वहिनी, व्यासपीठावरचे मान्यवर, मंडळाचे आजी-माजी सायकलस्वार, कोलशेत-बाळकूमहून मुद्दाम आलेली मंडळी, आणि पुढच्या सतरंजीवर बसलेली मुलं, ज्यांचं सगळं लक्ष मागच्या खोलीतून येणाऱ्या बटाटेवड्यांच्या वासाकडे आहे. माझंही आहे. तरी थोडा वेळ सहन करा.

माईक जरा खाली करता का? हां, बस.

मी शुभदा टिपणीस. टेलिफोन खात्यात नोकरी केली, आता घरी असते. महिला विभागाच्या वतीने चार शब्द बोलायची संधी मी स्वतः मागून घेतली आहे. सूत्रसंचालकांनी मघाशी माझी ओळख ‘मंडळाच्या पहिल्या महिला सायकलपटू’ अशी करून दिली. पटू वगैरे काही नाही हो. नौपाड्यातून ऑफिसला सायकलने जाणारी बाई दिसली की लोक गॅलरीत येऊन बघायचे, तेव्हाची मी एक. अण्णांनी पहाटे घोडबंदर रोडला सराव सुरू केला तेव्हा मला म्हणाले, ‘‘शुभदाताई, तुम्ही आलात की इतर बायकाही येतील.’’ इतर बायका आल्या नाहीत. मी मात्र गेले, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांमधून सायकल मारण्यात जी मजा होती, ती अण्णांमुळे मिळाली. हे ऋण मी मान्य करते. आज अण्णा कायमचे पुण्याला मुलाकडे निघालेत. ठाणं त्यांची आठवण काढेल.

अण्णांच्या गुणांविषयी आधीचे वक्ते भरभरून बोललेत. वक्तशीरपणा, शिस्त, नियोजन. सगळं खरं. त्यांच्या कार्यक्रमात कधी समई विझली नाही की हार कमी पडला नाही. आत्ताच आपण मानपत्र ऐकलं. भाषा सुरेख आहे. त्यात एक वाक्य आलं, आणि त्यावर तुम्ही टाळ्याही वाजवल्यात. ‘नाशिक-ठाणे सेवाफेरीच्या अखेरच्या दिवशी सहकारी कै. नामा कोळी यांचे अपघातात जागीच निधन होऊनही अण्णांनी न डगमगता रुग्णवाहिकेचा लोकार्पण सोहळा पार पाडला.’

मी टाळी वाजवली नाही. त्यातल्या ‘जागीच’ या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. घाबरू नका अध्यक्षबाई, मी वेळेत संपवीन.

नव्या सभासदांना नामा कोण हे ठाऊक नसेल. नामा कोलशेतचा. दिवसा तिथल्या एका कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी खाडीत होडी. केस नीट विंचरल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही, आणि खिशातला कंगवा सायकलवरसुद्धा काढायचा. त्याची बहीण सगुणा बाळंतपणात अडली. तेव्हा कोलशेतातून बाईला हलवायचं म्हणजे खाटेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं आणि कुणी ट्रकवाला दया करतो का बघायचं. सगुणेवर दया करणारा ट्रक यायला उशीर झाला. तिचं पोरही गेलं.

बाराव्यानंतर नामा अण्णांकडे आला. हातात खाडीतली ताजी कोळंबी, केळीच्या पानात बांधलेली. दारात वहिनी. वहिनी, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही सोवळ्यात होतात आणि तो म्हणत होता, ‘‘घ्या वैनी, आजचीच हाय.’’ अण्णा त्या दिवशी फार चांगले वागले. कोळंबी शेजाऱ्यांना देऊन टाकली, नामाला आत बसवलं, चहा दिला, आणि तिथल्या तिथे ठरवलं की आपलं मंडळ सायकल फेरी काढेल, वर्गणी जमवेल, आणि खाडीकाठच्या गावांसाठी रुग्णवाहिका घेईल. ही गोष्ट अण्णांच्या मोठेपणाची आहे आणि ती मी कमी करून सांगणार नाही. वर्गणीसाठी नामा आणि अण्णा दोघं दारोदार फिरले. गाडी आली. तिचं लोकार्पण नाशिकहून परतणाऱ्या फेरीच्या शेवटच्या दिवशी, बाळकूमच्या नाक्यावर मांडव घालून करायचं ठरलं. हे सत्याऐंशी सालच्या जानेवारीतलं.

शेवटच्या दिवशी पहाटे आम्ही शहापूर सोडलं. थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. नामा गात होता. आवाज वाईट, पण गाणाऱ्याला लाज नसली की ऐकणाऱ्यालाही ऊब येते. त्याची सायकल म्हणजे मासळीची पाटी बांधायची ती काळी, जड सायकल. आमचा विश्राम, तो बघा, खांबाजवळ उभा आहे, त्याला म्हणाला, ‘‘अरे, ही सायकल आहे का बैल?’’ नामा म्हणाला, ‘‘बैलच. पन माज्या घरचा हाय.’’ आम्ही हसत हसत निघालो.

आणि मग सत्कार सुरू झाले.

शहापूरच्या वेशीवर सत्कार. पडघ्याला सत्कार, पोहे, दोन भाषणं. नियोजनानुसार आम्ही भिवंडीवरून थेट ठाण्याला यायचं, दुपारी पोहोचायचं. पण कल्याणच्या एका संस्थेने अण्णांना गळ घातली, आणि डोंबिवलीची एक संस्था म्हणाली, कल्याणला जाताय तर आम्हीही तिथेच येऊन हार घालतो. म्हणून आम्ही वाट वाकडी करून कोनवरून दुर्गाडीला गेलो. भर उन्हात, सायकली हातात धरून, मैदानात ओळीने उभे. कल्याणकरांचे हार, डोंबिवलीकरांचे हार. मग कुणाचा हार आधी यावरून दोन्ही संस्थांची थोडी बाचाबाची. ती मिटवायला अण्णा. आपल्याला सत्काराची किती भूक आहे हो! माणसं घामाने निथळत उभी आहेत, पाण्याचा ग्लास कुणी देत नाही, आणि श्रीफळ मात्र प्रत्येकाच्या हातात. सायकलवर नारळ कुठे ठेवायचा, हे एकालाही सुचलं नाही.

तिथून अण्णा जीपने पुढे गेले, मांडवाची तयारी बघायला. जाताना आम्हाला दोन सूचना दिल्या. एक, पाय जरा उचला, प्रमुख पाहुण्यांची वेळ झाली आहे. दुसरी, हार टाकू नका. ठाण्यात शिरताना सगळ्यांच्या अंगावर हार हवेत, फोटोग्राफर बाळकूमला उभा आहे.

नामाच्या गळ्यात इतके हार की त्याला मान वळवता येईना. त्याने दोन-तीन काढून हँडलला अडकवले. मी म्हटलं, ‘‘फेकून दे की रे.’’ म्हणाला, ‘‘नाय बाई. जना बगनार हाय. तिला दावायचंत.’’

जना म्हणजे जनाबाई, त्याची बायको. मांडवात नव्या गाडीला ओवाळायचा मान तिचा होता. गावानेच ठरवलं होतं.

परत भिवंडी गाठून खाडीवरच्या कशेळीच्या पुलावर आलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. आम्ही घाईत होतो, एरवी चालवतो त्याहून जोरात. माझ्यापुढे विश्राम, माझ्यामागे नामा. हाराचा दोरा पुढच्या चाकात गेला. मला फक्त आवाज आला. वळून बघते तो नामा सायकलीसकट रस्त्याच्या मध्ये, आणि मागून येणारा टेम्पो. टेम्पो थांबला नाही.

आता नीट ऐका. नामा जागीच गेला नाही. कमरेखाली त्याची काय अवस्था होती हे मुलांसमोर सांगत नाही, पण तो शुद्धीवर होता. बोलत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते, आमच्यातले काही जण रस्त्यावर हात करून गाड्या थांबवायचा प्रयत्न करत होते, आणि ट्रक आमच्या बाजूने वळसा घालून जात होते. पूल उतरला की बाळकूम. तिथे मांडवात कोरी रुग्णवाहिका उभी. विश्रामला मी म्हटलं, पळ, गाडी घेऊन ये. विश्राम जीव तोडून गेला.

नामा शांत होता. त्याला खात्रीच होती. मला म्हणाला, ‘‘बाई, रडतंस कला? गारी येल आता. आपलीच गारी हाय.’’ थोड्या वेळाने म्हणाला, ‘‘पयला पॅसेंजर मीच, बग.’’ आणि हसला. खरंच हसला हो. खिशातला कंगवा काढायला हात नेला, पण तो हात वर आला नाही. मी त्याचे केस बोटांनी सारखे केले.

गाडी आली नाही.

आपण वाट बघतो तेव्हा प्रत्येक आवाज त्याच गाडीचा वाटतो. शेवटी भिवंडीकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका टेम्पोवाल्याने थांबून कोबीची पोती सरकवली आणि आम्ही नामाला त्यात घातलं. त्या माणसाचं नावसुद्धा मी विचारलं नाही. बाळकूमला आलो तर मांडवाने अर्धा रस्ता अडवलेला, टेम्पो मुंगीच्या पावलांनी चाललेला. बँड जोरात. मला ताडपत्रीच्या फटीतून आपली गाडी दिसली. पांढरी, झेंडूच्या माळा घातलेली, समोर लाल फीत. अण्णा माईकवरून लोकांना सांगत होते की पाहुणे कोणत्याही क्षणी येतील, कृपया जागा सोडू नका. मी ओरडले. बँडपुढे माझं काय ऐकू जाणार?

इस्पितळाच्या वाटेवर, खोपटच्या अलीकडे नामा गेला. पोत्यांमध्ये.

विश्राम मांडवात कधीच पोहोचला होता. मग गाडी का निघाली नाही? ड्रायव्हरने तर त्याला बघताच इंजिन सुरू केलं होतं. हे मांडवातल्या शंभर माणसांनी पाहिलं आहे आणि त्यातले काही आत्ता इथे, माझ्यासमोर, खाली बघत बसले आहेत. अण्णांनी हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मांडवात चर्चा झाली. प्रमुख पाहुणे अजून आले नाहीत, फीत कापलेली नाही, गाडीला अजून ओवाळलेलं नाही. पहिल्याच फेरीला गाडीला रक्त लागायला नको. पहिली बसायची ती एखादी बाळंतीण बसावी, शकुन व्हावा. हे एकटे अण्णा म्हणाले नाहीत. मंडळाचे लोक म्हणाले, गावचे वडीलधारे दाजी म्हणाले, मोठमोठ्या पदव्या असलेले लोक म्हणाले. जखमी माणसासाठी रिक्षा बघा, असंही म्हणाले. रिक्षा कोण बघायला गेलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

पाहुणे आले. फीत कापली. ओवाळणं झालं. आणि संध्याकाळी त्या गाडीची पहिली फेरी कुठली झाली, हे मानपत्रात लिहायचं राहिलं आहे. इस्पितळातून नामाला कोलशेतला घरी आणायची.

तो वाचला असता का? मला माहीत नाही. मी डॉक्टर नाही, आणि या प्रश्नावर मी अण्णांशी कधी भांडलेही नाही. पुढे ती गाडी पुष्कळ वर्षं फिरली. माझ्याच ओळखीतल्या एका मुलीचं बाळंतपण त्या गाडीने वेळेवर इस्पितळात नेलं म्हणून सुखरूप झालं. कित्येक घरं आज अण्णांना दुवा देतात. तो दुवा खरा आहे. हे सगळं मी मंडळाच्या बैठकीत त्याच महिन्यात सांगितलं, पुढच्या वर्षी पुन्हा सांगितलं, आणि दर वेळी मला सांगण्यात आलं की शुभदाताई, तुमच्या मनावर परिणाम झाला आहे, जरा विश्रांती घ्या. नंतर बैठकीची सूचना माझ्याकडे यायची बंद झाली. मीही सायकल विकून टाकली. मग हळूहळू ‘जागीच’ हा शब्द आला. आधी शोकसभेत, मग वार्षिक अहवालात, आज मानपत्रात. सोयीचा शब्द आहे. माणूस जागीच गेला की कुणी थांबवलं आणि कुणी थांबलं, हा प्रश्नच उरत नाही.

नाही, घंटी वाजवू नका. शेवटाकडेच आले आहे. अध्यक्षबाई, तुम्ही मान हलवलीत, आभारी आहे.

मी आज माझ्यासाठी बोलत नाही. जनाबाई सभागृहात आल्या आहेत. मागच्या रांगेत, दाराशी. मघाशी पाच सुवासिनींनी अण्णांना ओवाळलं तेव्हा त्या तिथेच बसून होत्या. त्या मांडवानंतर त्यांच्या हातात कुणी निरांजन दिलेलं नाही, आपली रीतच तशी. जनाबाई अण्णांच्या घरी अनेकदा गेल्या. दर वेळी त्यांना चहा मिळाला, साडी मिळाली, मुलाला शाळेची पुस्तकं मिळाली. विचारलं त्याचं उत्तर मिळालं नाही. उद्या अण्णांचं सामान ट्रकमध्ये चढेल. म्हणून आज.

मांडवात ती चर्चा चालू होती तेव्हा जनाबाई गाडीच्या अगदी पुढ्यात उभ्या होत्या. नवी साडी, हातात ताट, निरांजन विझू नये म्हणून पदराचा आडोसा धरलेला. कुणीतरी सायकलवाला पडला आहे एवढंच त्यांच्या कानावर आलं. आमच्यात सायकलवाले पुष्कळ होते. त्यांना वाटलं, असेल कुणी ठाण्याचा. लोकांचं एकमत होईना, तेव्हा अण्णा त्यांच्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘जनाबाई, मान तुमचा आहे. तुम्हीच सांगा, आधी ओवाळायचं ना?’’

एवढी मोठी माणसं, बाईमाणसाला कधी कुणी काही विचारत नाही, त्यांनी विचारलं. जनाबाई लाजल्या. म्हणाल्या, ‘‘हो. आदी ववालाचा.’’

मग सगळे म्हणाले, चला, घरची लक्ष्मीच म्हणते आहे. आणि थांबले.

विश्राम सांगतो, आपण अण्णांच्या कानाशी जाऊन नामाचं नाव घेतलं होतं, जनाबाईंना विचारायच्या आधी. अण्णा म्हणतात, बँडच्या आवाजात आपल्याला फक्त ‘कुणीतरी पडलंय’ एवढंच ऐकू आलं. दोघंही भले लोक आहेत. मी त्या वेळी पुलावर होते. खरं काय, हे जगात आता एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो माणूस या व्यासपीठावर शाल पांघरून बसला आहे.

जनाबाई मला सांगून आल्या आहेत की बाई, तुमी भांडू नका, फक्त माजा इचारा. त्यांचा प्रश्न मी त्यांच्याच शब्दांत विचारते. ‘‘अन्ना, मना इचारला तवा तुमाना ठाव व्हता का, त्यो माजा मानूस हाय?’’

ठाऊक नव्हतं, असं असेल तर तसं सांगा. त्या मान्य करतील, मीही करीन, आणि या भाषणाबद्दल तुमच्या पाया पडून माफी मागेन. ठाऊक होतं, असं असेल तर तेही सांगा. तुम्हाला शिक्षा व्हावी असं त्यांना वाटत नाही. इतकी वर्षं ती बाई रोज सकाळी उठते आणि स्वतःलाच म्हणते की माझ्या नवऱ्याची गाडी मी अडवली. त्या ओझ्यातला तुमचा वाटा तुम्ही उचलावा, एवढंच तिचं मागणं आहे.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षबाईंचे आभार. माईक बंद न केल्याबद्दल त्या मागच्या मुलाचेही आभार. अण्णा आणि वहिनींना पुण्यात निरोगी दीर्घायुष्य लाभो, हे मी मनापासून म्हणते. समारंभाचा रंग मी बिघडवला, त्याबद्दल रागावलात तरी चालेल. माझ्या बोलण्यात जे जास्त झालं असेल ते पोटात घाला. जे कमी पडलं, ते सत्काराला उत्तर देताना अण्णांनी पुरं करावं.

मी खाली बसते. जनाबाई, तुम्ही मात्र जरा उभ्या राहा, म्हणजे उत्तर देताना अण्णांना तुम्ही दिसाल.